सारवणावरची पावलं

गावडे मास्तर सकाळी उठले की आधी चुलीकडे जात, मग मागच्या दाराशी, आणि मग पडवीत. चुलीकडे जाताना पावलं जड पडत, पडवीत येताना हलकी, कारण तोवर चहा पोटात गेलेला असे. डाव्या पायाला जुना मार होता, त्यामुळे दर दुसरं पाऊल जरा उशिरा पडे.

त्यांची मुलगी वैजयंता हे सगळं कोल्हापुरातल्या आपल्या ओट्याशी उभी राहून बघत असे. फोनवर भोगुलवाडीच्या घराचा साधा आराखडा यायचा आणि त्यावर एकामागून एक हिरवे ठिपके उमटायचे आणि विझायचे. एक ठिपका म्हणजे आप्पांचं एक पाऊल. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, एवढंच त्यांचं जग होतं, आणि ते तिच्या तळहातावर मावत होतं.

या सेवेचं नाव ‘सोबत’. गावात एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरात कॅमेरा नको असतो, मदतीच्या बटणाचा गळ्यात घालायचा ताईत नको असतो, आणि त्यांचं बरोबरच आहे. ‘सोबत’वाले तसलं काही लावत नसत. इंटरनेटसाठी घरात आलेली केसाएवढी काचेची तार ते जमिनीखालून फिरवत, वर मातीचा थर देत आणि निघून जात. ती तार पावलं ऐकायची. वैजयंता याच कंपनीच्या कोल्हापूरच्या कक्षात काम करायची. कुणाची पावलं थांबली, तर त्यांच्या मुलाला किंवा मुलीला फोन करायचा, हे तिचं काम. सगळ्यात आधी तिने तार घातली ती आपल्याच बापाच्या घरात.

रात्री नऊला झोपायला जाण्याआधी मास्तर माजघरात उभे राहून तीनदा टाच आपटत. तो त्यांचा निरोप होता: जेवलो, दार लावलं, आता झोपतो. फोनवर एकाच जागी तीन ठिपके उठत. वैजयंता त्याखालचं ‘सर्व ठीक’ दाबे आणि दिवा मालवे. पूर्वी त्या वेळेला ती फोन करायची. आता फोन कशाला, असं दोघांनाही वाटू लागलं होतं. निदान तिला तरी वाटू लागलं होतं.

“तुला माझे पाय दिसले की पुरतं,” मास्तर एकदा म्हणाले होते. “तोंड बघायची गरज उरलेली नाही.” हे हसत म्हटलं होतं, म्हणून तिने हसण्यावारी नेलं.

घटस्थापनेच्या चार दिवस आधी मात्र त्यांचं बिनसलं. तिने सांगितलं, या वेळी रजा नाही, यायला जमणार नाही. मग मास्तर म्हणाले, “बरं. पायांना बघ मग,” आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढे काय झालं ते कळायला त्या काचेच्या तारेची गोष्ट आधी कळायला हवी. ती अवघड नाही. लेझीम पाहिलेली असली की पुरे.

समजा, शाळेच्या पटांगणात हलगी वाजते आहे आणि दोन मुली तिच्या तालावर लेझीम खेळताहेत. एकीला सांगायचं, तू इथेच हलगीजवळ थांब. दुसरीला सांगायचं, तू हाच ताल मनात धरून गावाला वळसा घालून ये. ती परत आली की दोघींना शेजारी उभं करायचं. दोघींचे हात एकदम वर गेले, तर वाट रोजचीच होती. दुसरी अर्धा ठोका मागे पडली, तर वाटेत कुठेतरी वाट लांबली.

प्रकाशाची लाटही अशीच वर-खाली नाचत असते. या क्षणी ती वर आहे की खाली, याला शास्त्रात तिची कला म्हणतात, चंद्राची असते तशीच. तालुक्याच्या केंद्रात एक लेझर असतो, तो आपला हलगीवाला. त्याच्या प्रकाशाचे दोन भाग करतात. एक तिथेच थांबतो, दुसरा तारेतून गावात जातो, घराच्या जमिनीखालून फिरून परत येतो. कुणी जमिनीवर पाय ठेवला की खालची तार ताणली जाते, इतकी कमी की कुठल्याही पट्टीने मोजता येणार नाही. पण प्रकाशाची लाट त्याहून बारीक असते. परत आलेला भाग किंचित मागे पडतो. दोन भाग एकत्र केले की तो फरक दिसतो. तो फरक म्हणजे पाऊल.

हलगीचं उदाहरण मास्तरांचं. तार घालायला आलेल्या, वैजयंताच्याच कक्षातल्या फारूक मुल्लाने त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा मास्तरांनी ते आपल्या भाषेत लावून घेतलं आणि लगेच विचारलं होतं, “आणि मुलगी गावाला वळसा घालेपर्यंत हलगीवालाच ताल चुकला तर?”

फारूकने हातातली पक्कड खाली ठेवली होती. “मास्तर, सगळं दुखणं तिथंच आहे बघा.”

कुठलाच लेझर एका तालात वाजत नाही. प्रत्येकाचा ताल थोडा हेलकावतो. त्याला लेझरचा गोंगाट म्हणतात. चांगला, महाग लेझर कमी हेलकावतो, स्वस्त जास्त. जवळच्या घरातून प्रकाश इतक्या लवकर परततो की तेवढ्यात ताल बदललेला नसतो. भोगुलवाडी तारेच्या शेवटच्या टोकाला आहे. तिथून परतायलाही डोळ्याची पापणी लवत नाही एवढाच वेळ लागतो, पण लेझरच्या हिशेबाने तो एक जन्म झाला. परतलेली मुलगी जुन्या तालावर नाचते, थांबलेली नव्या. वाटेत काहीच घडलेलं नसतं, तरी दोघींचे हात जुळत नाहीत, आणि यंत्राला वाटतं, पाऊल पडलं.

यावर उपाय म्हणून कंपनीने एक प्रोग्रॅम बसवला होता. तो काही महिने घरातल्या माणसाची चाल शिकायचा: कधी उठतो, कुठे जातो, कुठला पाय ओढतो. मग गोंगाटातून तीच चाल निवडून काढायचा. मधला एखादा तुकडा गोंगाटात बुडाला तर स्वतःच जोडून द्यायचा. मुलं रोज ‘सर्व ठीक’ दाबतात, त्यावरूनही तो शिकायचा, की आज मी बरोबर ओळखलं.

मास्तरांना हे ऐकून त्यांचा पुंडलिक नावाचा विद्यार्थी आठवला. पाढे तोंडपाठ. सात आठे म्हटलं की छप्पन्न. “एकदा मी त्याला विचारलं, सात आठवड्यांचे दिवस किती? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, छप्पन्न. त्याने माझा प्रश्न ऐकलाच नव्हता. रोजचा प्रश्न ऐकला होता.” मास्तर आणि फारूक दोघं पडवीत बसून बराच वेळ हसले होते.

या वर्षी परतीच्या पावसात तालुक्याच्या केंद्रावर वीज पडली. जुना लेझर गेला. कोठारात होता तो स्वस्तातला बसवला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावांची पावलं पुन्हा दिसू लागली. फारूकने कक्षाच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरची, ज्याला ते फळा म्हणत, लांबच्या गावांची चित्रं बघून मान तिरकी केली. पूर्वीपेक्षा ती स्वच्छ दिसत होती. एकही ठिपका इकडे-तिकडे नाही. तो वैजयंताला म्हणाला की लेझर खराब आणि चित्र चांगलं, हे जमत नाही, सवडीने बघायला हवं. पण वीज आणखी तीन केंद्रांवर पडली होती आणि सवड कुणालाच नव्हती.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी वैजयंताने आप्पांना दुपारी फोन केला. रजा नाही तर नाही, रविवारी येऊन जाते, असं सांगायचं होतं. फोन खिडकीत ठेवलेला असायचा, कारण घरात रेंज तेवढ्याच जागी होती. रिंग वाजत राहिली. आराखड्यावर ठिपके खिडकीवरून सरळ पुढे गेले, थांबले नाहीत. तिने संध्याकाळी पुन्हा केला. ठिपके त्या वेळी माजघरात फेऱ्या घालत होते. कुणी उचलला नाही.

रुसलेत, तिने मनात म्हटलं. आईवरही असेच रुसायचे, दोन दोन दिवस.

रात्री नऊला माजघरात तीन ठिपके उठले. तिला बरं वाटलं. रुसले तरी निरोप चुकवला नाही. तिने ‘सर्व ठीक’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी ती कक्षात येऊन बसते तोच चंद्राक्कांचा फोन आला. चंद्राक्का म्हणजे मास्तरांच्या शेजारीण. घटाची माती आणि बी आणायला त्या आदल्या दुपारी नेसरीला लेकीकडे गेल्या होत्या आणि सकाळच्या एसटीने नुकत्याच परतल्या होत्या.

“वैजू, मास्तर तिकडं आल्यात व्हय गं?”

“नाही अक्का. घरातच आहेत.”

“घरात कुठलं? दाराला भायेरनं कडी हाय.”

वैजयंताने फोन कानाला लावूनच समोरच्या पडद्यावर आप्पांचं घर उघडलं. ठिपके चुलीपाशी होते. चहाची वेळ. तिने तसं सांगितलं. चंद्राक्का हसल्या. म्हणाल्या, भायेरची कडी आतनं घालाय मास्तर काय मांजर हाईत व्हय. मग त्यांनी जरा सावकाश सांगितलं: काल सकाळी घटासाठी घर सारवलं, चुलीपासनं पडवीपतूर. सारवण वाळेपर्यंत कुणी पाय घालू नये म्हणून कडी घातली, कडीत काडी खोचली. ती काडी तशीच आहे.

मागचं दार आतून अडसर लावून बंद होतं. तेही त्या बघून आल्या.

“अक्का, दार उघडा,” वैजयंता म्हणाली. “आणि फोन समोर धरा. मला दाखवा.”

काडी निघाली, कडी वाजली. पडद्याच्या एका बाजूला आराखडा होता आणि दुसऱ्या बाजूला चंद्राक्कांच्या फोनमधलं चित्र. पडवी ओलांडून त्या माजघराच्या उंबऱ्याशी आल्या आणि तिथेच थांबल्या. आत सारवण पसरलं होतं. परतीच्या पावसाची हवा, त्यामुळे कोपऱ्यात ते अजून ओलसर चमकत होतं. चंद्राक्कांच्या हाताचे अर्धगोल फेर एकाला एक लागून चुलीपर्यंत गेले होते. गावात लहान पोरालाही ठाऊक असतं की असं सारवण मोडायचं नाही. ते मोडलं नव्हतं. एक बोट उमटलं नव्हतं, एक पाऊल नव्हतं.

आराखड्यावर ठिपके चुलीपासून निघाले. एक, आणि जरा उशिराने दुसरा. एक, आणि जरा उशिराने दुसरा. तीच आप्पांची चाल. ते माजघरात आले.

“अक्का,” वैजयंता म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. “तुमच्यासमोर काही हलतंय का?”

“काय हलणार?”

ठिपके सारवणाच्या मधोमध आले. चित्रात तिथे मातीचे फेर होते आणि त्यांवर दाराचा उजेड. ठिपके पुढे आले आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला थांबले. उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला चंद्राक्का उभ्या होत्या. दोघांमध्ये हातभर अंतर नव्हतं.

वैजयंताला वाटलं, अक्कांना मागे व्हा म्हणावं. तिच्या गप्प राहण्याने चंद्राक्कांना काय समजायचं ते समजलं.

“वैजू,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “मास्तर गेलं न्हवं?”

वैजयंताच्याही मनात तेच आलं होतं. तिने खुर्चीची कड घट्ट धरली. लहानपणी अंधाराला भ्याली की आप्पा विचारायचे, नेमकं काय दिसलं ते सांग, काय वाटलं ते नंतर. काय दिसलं? पावलं दिसली. जमिनीवर पावलं नाहीत. मग जमीन खोटी की पडदा खोटा? सारवण खोटं बोलत नाही.

“अक्का, काल सारवताना आप्पा कुठे होते?”

“झऱ्याकडं गेल्ते की. पाईपातनं पानी येत नव्हतं म्हनून. मी म्हनलं, जावा, तवर वाळंल. दुपारी येतो म्हनलं.”

“काल दुपारी?”

मग चित्र एकदम फिरलं, दार दिसलं, अंगण दिसलं. त्या धावत सुटल्या होत्या. गुरांच्या गोठ्याकडे कुणाला तरी हाका मारत होत्या. डोंगराच्या वळणावर रेंज संपली आणि चित्र थांबलं.

फारूक तिच्या मागे येऊन उभा होता. त्याने शेवटचं सगळं पाहिलं होतं. गावागावांतल्या घरांच्या जोडण्या कोल्हापुरातून तोडता येत. त्याने मास्तरांच्या घराची तार भोगुलवाडीच्या वेशीवर तोडली. आता तालुक्यातून त्या घरापर्यंत उजेडाचा एक कण जात नव्हता.

ठिपके उंबऱ्यापासून वळले आणि पडवीत जाऊन बसले. हलक्या पावलांनी, चहा झाल्यासारखे.

फारूक तिच्या शेजारी खाली बसला. त्याने तिला तुटक वाक्यांत सांगितलं. वेशीवरच्या तोडलेल्या टोकावरून लेझरचाच थोडा उजेड तेवढ्याच लांबून मागे येतो. त्यात फक्त लेझरचा गोंगाट. प्रोग्रॅमला अजून वाटतं की जुनाच, शांत लेझर आहे, गोंगाट कमीच असणार. म्हणजे हेलकावा दिसला की तो म्हणतो पाऊल, आणि कुणाचं, ते त्याला पाठ आहे. पूर्वी असं झालं तर पडदा रिकामा व्हायचा. पण रिकामा पडदा दिसला की गिऱ्हाईक घाबरतं, फोन करून भंडावतं, म्हणून पडदा कधीच रिकामा ठेवायचा नाही असं पुण्याच्या कार्यालयातून ठरलं होतं. जोडायला तुकडे दिले होते, त्याने अख्खा माणूस जोडला.

“पुंडलिक,” फारूक म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

“तीन टाचा?” वैजयंताने विचारलं. “रात्री नऊला? त्याही?”

“रोज त्या वेळी तुम्ही ठीक दाबत होता ना, ताई.”

तिने मान वर केली. समोर भिंतभर फळा होता. त्या लेझरवरची सगळी लांबची घरं त्यावर होती. प्रत्येक चौकटीत कुणीतरी चालत होतं. कुणी देवघराकडे, कुणी गोठ्याकडे, कुणी काठी टेकत. सगळ्यांची सकाळ सुरळीत चालली होती. इतकी वर्षं हा फळा बघून तिला घरच्यासारखं वाटायचं. आता तिने एकेक चौकट पुन्हा पाहिली. यांतले कोण खरे आहेत हे सांगायला या खोलीत काहीच नव्हतं.

तिने पुण्याला वरिष्ठ बाईंना, कारखानिसांना, फोन लावला आणि सांगितलं की लांबची सगळी घरं बंद करते आहे. बाईंनी आधी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, लेझर बदलून घेऊ, उद्यापर्यंत होईल, तोवर आहे ते चालू राहू दे. एकदम इतके पडदे काळे झाले तर लोक घाबरतील.

“घाबरायलाच हवं, मॅडम,” वैजयंता म्हणाली. “ते घाबरले तरच कुणीतरी जाऊन बघेल.”

बाई आणखी काही बोलत होत्या. वैजयंताने फारूककडे बघितलं. हे दोघांच्या सहीशिवाय होत नसे. फारूकने आपला अंगठा टेकवला, मग तिने. फळ्यावरची पावलं जागच्या जागी विझली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक फोन वाजला, मग दुसरा, आणि मग कक्षातले सगळे.

फारूक म्हणाला की फोन तो बघतो, तिने निघावं.

निपाणी मागे पडेपर्यंत तिने चंद्राक्कांचा नंबर किती वेळा लावला ते तिला कळलं नाही. दर वेळी तोच निर्विकार आवाज सांगायचा की संपर्क होत नाही. गाडी भाड्याची होती. चालवणारा मुलगा आरशातून बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. मध्येच तिचा अंगठा आपोआप ‘सोबत’वर गेला. काळा पडदा. काल रात्री तिथे तीन ठिपके होते, आणि ती ते बघून झोपली होती. त्याच वेळी आप्पा डोंगरात होते. पडलेले, की तोपर्यंत गेलेले? तिने काच खाली केली.

गडहिंग्लजच्या अलीकडे फोन वाजला. चंद्राक्का रडत होत्या, त्यामुळे तिला आधी उलटंच वाटलं. मग शब्द कळले. जिवंत हाईत. पाईप बसवताना शेवाळावरनं घसरलं. मांडीचं हाड मोडलंय. रातभर पान्याच्या कडंला पडून हुतं. चार माणसांनी घोंगड्यात घालून खाली आणलं, आता गाडीत घातलंय.

दवाखान्यात तिने त्यांना पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ निळे होते आणि डोळे उघडे. तिला बघून ते म्हणाले, “आलीस? रजा नव्हती ना?”

ती हसली आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

डॉक्टरांनी पाय खेचून बांधून ठेवला. संध्याकाळी वॉर्डात शांत झालं. मास्तरांना थोडी पेज गेली. आवाज बसला होता, तरी त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. उठता येईना हे लगेच कळलं होतं. दिवस मावळताना खालच्या पायवाटेने गुरं घेऊन पोरं गेली, त्यांची बडबड ऐकू येत होती. त्यांनी हाक मारली नाही.

“का, आप्पा?”

“उगाच पोरांना अंधारात निसरड्यावरून वर कशाला चढवा? म्हटलं, नऊ वाजतील. तीन पडणार नाहीत. आणि तीन पडली नाहीत की वैजू गप्प बसायची नाही. लोकं घेऊन, बत्त्या घेऊन पाठवील कुणाला तरी. घसा राखून ठेवला.” त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. “मग नऊ वाजून गेले असावेत. चांदण्या वर आल्या. कुणी आलं नाही. म्हटलं, रुसली असेल.”

वैजयंताला त्यांच्याकडे बघवेना. ती बांधलेल्या पायाकडे बघत राहिली.

“तीन पडली होती, आप्पा,” ती म्हणाली.

तिने त्यांना सगळं सांगितलं: लेझर, तोडलेली तार, सारवणावरून चालत आलेले ठिपके. ते न बोलता ऐकत होते, वर्गात एखादा पोरगा फळ्यावर गणित सोडवताना ऐकायचे तसे. शेवटी त्यांनी विचारलं, “म्हणजे मी तिथे पडलो होतो, आणि इकडे मी चहा पीत होतो.”

“हो.”

“हलगीवाला चुकला,” ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

फारूकचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली. तो सकाळपासून जागचा उठला नव्हता. बहुतेक सगळी म्हातारी माणसं घरात, धडधाकट, आपापल्या मुलांवर चिडलेली. एका वाडीतल्या सत्यभामा पाटील नावाच्या बाईंनी मात्र फोन उचलला नव्हता. मुलगा बंगळुरात. त्याने शेजाऱ्यांना पाठवलं. दार फोडावं लागलं. त्या जाऊन दोन-तीन दिवस तरी झाले असावेत. फारूक म्हणाला की त्या रोज संध्याकाळी तुळशीपाशी जाताना दिसायच्या. कालही गेल्या होत्या. मुलगा पुन्हापुन्हा एकच म्हणतो आहे, मी तर रोज बघत होतो.

ती परत आली तेव्हा वॉर्डातले मोठे दिवे मालवले होते. नर्सच्या टेबलावरच्या घड्याळात नऊ वाजत होते. ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. अंधारात तिला आप्पांची आकृती दिसत होती, पण छाती वर-खाली होते आहे की नाही ते कळत नव्हतं. ती पुढे वाकली.

तेवढ्यात खाटेच्या लोखंडी कडेवर काहीतरी वाजलं. एकदा, दोनदा, तीनदा. मास्तरांनी पाय बांधलेला म्हणून बोटाच्या पेराने ठोकलं होतं.

तिचा हात सवयीने फोनकडे गेला. तिने तो मागे घेतला.

“तसं नको, आप्पा,” ती म्हणाली. “बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. पण मला आधीच माहीत असेल असं नको.”

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकलं. तिला वाटलं, झोप लागली त्यांना. मग अंधारातून त्यांचा बसका आवाज आला.

“चांदण्या वर आल्यावर मी खूप भ्यालो, वैजू. माझ्या आईला हाका मारत होतो.”

हे तिला माहीत नव्हतं. तिने चाचपून त्यांचा हात धरला आणि पुढचं ऐकत बसली.